चालू ऑफिस नेटवर्कमध्ये लिनक्स गेटवे बसवायचा आहे: पत्ते बदलावेत की तसेच ठेवावेत?

घाटमाथा

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचे यंत्रभाग तयार करण्याचे छोटे युनिट आहे आणि ऑफिसच्या संगणकांची जबाबदारी हिशेब सांभाळता सांभाळता माझ्याकडे आली आहे. सध्याची मांडणी अशी आहे. पुरवठादाराने दिलेल्या फायबर राउटरमधून एक केबल २४ पोर्टांच्या साध्या स्विचला जाते. त्या स्विचवर १६ संगणक, टॅलीचा डेटा ठेवलेला एक संगणक, दोन प्रिंटर, बोटाच्या ठशाचे हजेरी यंत्र, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि शॉप फ्लोअरवरच्या दोन सीएनसी यंत्रांचे विंडोज ७ वाले संगणक असे सगळे एकत्र जोडलेले आहेत. वाय-फायही त्याच राउटरचे आहे. सगळे पत्ते १९२.१६८.१ या मालिकेतले असून राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे.

आमचे लेखापाल महिन्यातले दहा-बारा दिवस घरून काम करतात. त्यांच्यासाठी पूर्वी कोणीतरी राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ क्रमांकाचा पोर्ट थेट बाहेरच्या जगाला उघडून ठेवला होता. गेल्या महिन्यात त्या संगणकावरच्या सुरक्षा नोंदी मी पहिल्यांदा उघडून पाहिल्या, तेव्हा ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या ओळी संपता संपेनात. रात्री तीन वाजताही दर काही सेकंदांनी 'ॲडमिनिस्ट्रेटर' या नावाने कोणीतरी दार ठोठावत होते. तो पोर्ट मी त्याच दिवशी बंद केला, पण लेखापालांचे काम अडले आहे आणि हा प्रश्न नीट सोडवल्याशिवाय मला स्वस्थता नाही.

एक जुना डेस्कटॉप मोकळा आहे. त्यात ८ जीबी रॅम आहे आणि मी नवी एसएसडी बसवली आहे. त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली टाकून, दुसरे नेटवर्क कार्ड लावून तो राउटर आणि स्विच यांच्या मध्ये गेटवे, म्हणजे आत-बाहेर जाण्याचे एकमेव दार, म्हणून बसवायचा, बाहेरून सुरक्षितपणे आत येण्यासाठी वायरगार्ड हे व्हीपीएन ठेवायचे आणि आतल्या सगळ्या उपकरणांना १९२.१६८.१० ही नवी मालिका द्यायची, असा विचार आहे. राउटरला हात लावायचा नाही, असे ठरवले आहे. या आखणीत कुठे चूक होते आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

तांब्याची तार

घाटमाथा, पोर्ट बंद केलात हे उत्तम केलेत. गेटवे बसवण्याचा विचारही योग्य आहे. मात्र आखणीतला एक भाग उलटा करावा, असे मी आग्रहाने सुचवीन. नवी मालिका आतल्या उपकरणांना देऊ नका. जुनी मालिका आणि जुना १९२.१६८.१.१ हाच पत्ता नव्या गेटवेच्या आतल्या कार्डाला द्या, आणि बदल राउटरच्या बाजूला करा.

कारण असे की चालू नेटवर्कमध्ये कोणत्या उपकरणाला पत्ता आपोआप मिळतो आणि कोणाला हाताने लिहून दिलेला आहे, याची यादी कोणाकडेच पूर्ण नसते. संगणक बहुधा आपोआप पत्ता घेत असतील, पण प्रिंटर, हजेरी यंत्र, रेकॉर्डर आणि टॅलीचा संगणक यांचे पत्ते बसवणाऱ्याने त्या दिवशी हाताने टाकलेले असतात. त्यांतल्या हजेरी यंत्राचा पासवर्ड बसवणाऱ्या माणसाबरोबरच गेलेला असतो. मालिका बदललीत की ही सगळी उपकरणे एकाच वेळी मुकी होतील. मग सोमवारी सकाळी प्रिंट निघत नाही, हजेरी उतरत नाही आणि टॅली उघडत नाही अशा तीन तक्रारी तीन दिशांनी येतील, आणि त्यांतली कोणती गेटवेमुळे आली आणि कोणती पत्त्यामुळे, हे तुम्हाला वेगळे करता येणार नाही. उलट नव्या पेटीने जुना पत्ता घेतला, तर आतल्या एकाही उपकरणाला काही बदलल्याचे कळण्याचे कारण उरत नाही. शिवाय परतीचा रस्ताही शाबूत राहतो: काही बिनसले, तर गेटवेची केबल काढून राउटर पूर्वीसारखा लावला की पाच मिनिटांत ऑफिस चालू.

राउटरच्या बाजूला दोन पर्याय आहेत. पहिला आणि माझ्या मते चांगला पर्याय म्हणजे पुरवठादाराला सांगून राउटर ब्रिज मोडमध्ये, म्हणजे नुसता जोडदुवा म्हणून, टाकून घेणे आणि पीपीपीओई, म्हणजे वापरकर्तानाव-पासवर्डने होणारी पुरवठादाराची जोडणी, गेटवेवरूनच करणे. यात पत्त्यांचे भाषांतर दोनदा होत नाही आणि बाहेरचा पत्ता थेट गेटवेला मिळतो. त्यासाठी जोडणीचे वापरकर्तानाव आणि पासवर्ड, तसेच व्हीलॅन (एकाच केबलवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कचा) क्रमांक लागत असेल तर तोही, आधीच लेखी मागून घ्या. काही पुरवठादार जुन्या राउटरचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक, बांधून ठेवतात, तो सोडवून घ्यायला फोन करावा लागतो आणि रविवारी तो फोन कोणी उचलेल याची खात्री नसते. दुसरा पर्याय म्हणजे राउटर आहे तसा ठेवून त्याचा आतला पत्ता १९२.१६८.१००.१ असा बदलणे. तो बदल मात्र विसरू नका. गेटवेच्या दोन्ही बाजूंना एकच मालिका असली, तर डेटाचे कोणते पाकीट कोणत्या कार्डातून बाहेर पाठवायचे हे त्याला ठरवता येत नाही आणि सगळे काही जोडलेले दिसूनही काहीच चालत नाही.

रेवाकाठ

एवढे हाताने करण्यापेक्षा ऑप्नसेन्स किंवा पीएफसेन्स ही तयार फायरवॉल प्रणाली टाकणे सोपे नाही का? आमच्या इंदूरच्या ऑफिसात मी तेच केले आहे. ब्राउझरमधून सगळे नियम दिसतात आणि माझ्या गैरहजेरीत दुसऱ्या कोणाला काही बदलायचे असेल, तर त्याला पडद्यावर वाचून ते करता येते.

तांब्याची तार

रेवाकाठ, आपला मुद्दा वजनदार आहे आणि ज्यांना नियमांची फाइल लिहायची सवय नाही, त्यांनी खुशाल तोच मार्ग धरावा. फक्त ही दोन्ही फ्रीबीएसडी या वेगळ्या प्रणालीवर उभी आहेत, लिनक्सवर नाहीत. लिनक्सवरच असे पडद्यावरून चालवता येणारे काही हवे असेल, तर ओपनडब्ल्यूआरटी किंवा आयपीफायर आहे. घाटमाथा यांच्याकडे डेबियनची ओळख असावी असे वाटते, म्हणून मी त्यांना साध्या डेबियनवरच राहण्याचा सल्ला देईन. गेटवेचे काम शेवटी चार तुकड्यांत आटोपते: कर्नलमधले पाकीट पुढे ढकलण्याचे कळबटण चालू करणे, एनएफटेबल्सचे, म्हणजे फायरवॉलचे, नियम, पत्ते आणि नावे देण्यासाठी डीएनएसमास्क, आणि वायरगार्ड. यांतले एनएफटेबल्स २०१४ पासून कर्नलमध्ये आहे आणि वायरगार्ड २०२० मध्ये ५.६ या आवृत्तीत कर्नलमध्ये आले. म्हणजे बाहेरून काहीही आणून बसवावे लागत नाही.

दुसरी पाळी

सॉफ्टवेअरविषयी वर उत्तम लिहिले गेले आहे, म्हणून मी लोखंडाविषयी लिहितो, कारण आमच्या पहिल्या गेटवेने दिलेला त्रास सगळा लोखंडाचाच होता.

पहिली गोष्ट म्हणजे वीज. औद्योगिक वसाहतीत वीज जाते, यूपीएसची बॅटरी संपते, पेटी बंद पडते आणि वीज आल्यावर कोणीतरी बटण दाबेपर्यंत बंदच राहते. आमच्याकडे हे एका रविवारी रात्री झाले आणि सोमवारी पहिल्या पाळीला कुलूपबंद खोलीत पेटी शांत बसलेली होती, किल्ली माझ्या घरी आणि मी गावाला. बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचे याची एक सेटिंग असते, ती 'पॉवर ऑन' अशी करून ठेवा. नंतर भिंतीवरचे बटण प्रत्यक्ष बंद-चालू करून तपासा. त्याच वेळी बायोसची छोटी बॅटरी नवी टाका, कारण ती संपलेली असेल तर ही सेटिंगही पुसली जाते आणि घड्याळही मागे जाते. फायबरच्या राउटरलाही त्याच यूपीएसवर जागा द्या.

दुसरी गोष्ट म्हणजे कार्डांची नावे. ही नावे कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये आहे त्यावरून ठरतात. पुढे तिसरे कार्ड लावलेत, तर आधीच्या कार्डाचे नाव बदलू शकते आणि नावावर लिहिलेले नियम भलत्याच कार्डाला लागतात किंवा कोणालाच लागत नाहीत. त्यामुळे मॅक पत्त्यावरून प्रत्येक कार्डाला आपणच 'बाहेर' आणि 'आत' अशा अर्थाचे कायमचे नाव द्यावे आणि पेटीच्या मागे तसेच लेबल चिकटवावे. मी लेबल चिकटवले नव्हते, आणि सफाईच्या वेळी केबल्स अदलाबदल झाल्या तेव्हा ती गोष्ट शोधण्यात माझी दुपार गेली.

तिसरे वीजबिल. जुना डेस्कटॉप सरासरी ५० वॉट खात असेल, तर वर्षभर अखंड चालून तो सुमारे ४३८ युनिटे खाईल. पंखा नसलेला, चार नेटवर्क पोर्टांचा छोटा संगणक १२ वॉटच्या आसपास चालला, तर १०५. सुरुवात जुन्या डेस्कटॉपवर जरूर करा, पण सगळे स्थिरावल्यावर वर्षभरात छोटी पेटी घेण्याचा विचार ठेवा. जुन्या पॉवर सप्लायवर रात्रंदिवस विसंबणे मला बरे वाटत नाही.

कातळ

घाटमाथा यांच्या आखणीत ठेवायला हवे असे एक शहाणपण होते, त्याकडे लक्ष वेधतो. घरोघरच्या कितीतरी राउटरांची मालिका १९२.१६८.१ हीच असते. लेखापालांच्या घरी तीच मालिका असेल आणि ऑफिसातही तीच, तर वायरगार्ड जोडले गेले तरी त्यांचा लॅपटॉप टॅलीच्या संगणकाला स्वतःच्या घरातच शोधत बसेल. ऑफिसची मालिका बदलण्याचा घाटमाथा यांचा विचार या दृष्टीने बरोबरच आहे. १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमपत्राने खासगी वापरासाठी १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ अशी ऐसपैस जागा मोकळी ठेवली आहे. तिच्यातला एखादा आडवळणाचा तुकडा घ्यावा.

तांब्याची तार

कातळ, हा आक्षेप मला मान्य आहे आणि मी तो आधीच लिहायला हवा होता. तरीही मालिका बदलणे आणि गेटवे बसवणे ही दोन कामे एकाच दिवशी करू नयेत, या मतावर मी ठाम आहे. गेटवे जुन्या पत्त्यावर बसू द्या, दोन आठवडे चालू द्या. नंतर आतल्या कार्डाला दुसऱ्या मालिकेतला आणखी एक पत्ता द्या. एकाच कार्डावर दोन पत्ते सुखाने नांदतात. मग एकेक उपकरण सवडीने नव्या मालिकेत हलवा.

तोपर्यंत लेखापालांसाठी तात्पुरता उपाय आहे. त्यांच्या वायरगार्डच्या जोडणीत ऑफिसची संपूर्ण मालिका न लिहिता फक्त ज्या एका संगणकाशी काम आहे त्याचा एकच पत्ता ३२ बिटांच्या मुखवट्याने लिहा. एका पत्त्यापुरता लिहिलेला मार्ग संपूर्ण मालिकेच्या मार्गापेक्षा नेमका असल्यामुळे लॅपटॉप तोच निवडतो. त्यांच्या घरात नेमका तोच पत्ता घेतलेले दुसरे उपकरण मात्र नसावे.

घाटमाथा

सर्वांचे मनापासून आभार. पत्ते तसेच ठेवण्याचे ठरवले आणि पुरवठादाराकडून पीपीपीओईची माहिती लेखी मागवली आहे. एक शंका राहते. सीएनसीचे दोन संगणक विंडोज ७ वर आहेत, त्यांचा नियंत्रक पुढच्या आवृत्तीवर चालत नाही, त्यामुळे ते बदलता येत नाहीत. गेटवेवर त्यांचे इंटरनेट बंद करण्याचा नियम लिहिला की ते सुरक्षित झाले, असे समजावे का?

कातळ

तसे समजू नये. गेटवेला तेवढेच पाकीट दिसते, जे त्याच्यातून एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाते. एकाच स्विचवरचे दोन संगणक आपसात बोलतात तेव्हा ते बोलणे स्विचमधल्या स्विचमध्ये संपते. गेटवेपर्यंत ते येतच नाही, मग तिथे कितीही कडक नियम लिहिलेले असोत. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा १४ जानेवारी २०२० रोजी संपला. मे २०१७ मधल्या वॉनाक्रायची आठवण ठेवा: एका संगणकात शिरल्यावर तो विंडोजच्या फाइल वाटून घेण्याच्या सोयीतली, ४४५ क्रमांकाच्या पोर्टावरची फट वापरून त्याच नेटवर्कातल्या इतर संगणकांवर आपोआप पसरत होता. हिशेब विभागात कोणी चुकीची जोडपत्रे उघडली, तर तुमच्या सीएनसीपर्यंत पोहोचायला त्या रोगाला गेटवेची परवानगी लागणार नाही.

उपाय असा की गेटवेत तिसरे कार्ड लावावे, त्याला पाच पोर्टांचा वेगळा स्विच जोडावा आणि दोन्ही सीएनसी संगणक तिथे हलवावेत. त्यांना वेगळी मालिका द्यावी. मग प्रोग्रामच्या फाइल ठेवलेल्या एका संगणकाकडे जाण्यापुरते दार उघडावे आणि बाकी सगळे बंद ठेवावे. व्हीलॅन समजणारा स्विच घेतलात तर हेच काम तिसऱ्या कार्डाशिवायही होते, पण एवढ्या छोट्या जागेत वेगळी केबल आणि वेगळा स्विच डोळ्यांना दिसतो, म्हणून मला तोच आवडतो.

तांब्याची तार

कातळ यांच्याशी पूर्ण सहमत आहे. मात्र तेही त्याच रविवारी करू नका.

नियमांविषयी थोडे लिहितो. मुळातले धोरण 'नकार' असावे, गेटवेवर येणाऱ्या पाकिटांसाठीही आणि पुढे जाणाऱ्यांसाठीही. त्यावर परवानग्या मोजक्या द्याव्यात: आधी सुरू झालेल्या संवादाची उत्तरे येऊ द्यावीत, आतून बाहेर जाऊ द्यावे, आतल्या बाजूने पत्ते आणि नावे मागू द्यावीत, एसएसएच (गेटवे दुरून चालवण्याची सोय) फक्त तुमच्या संगणकावरून आणि फक्त किल्लीने, आणि बाहेरून यूडीपी ५१८२० हा वायरगार्डचा एकच पोर्ट. वायरगार्डला ओळखीची किल्ली दिसली नाही, तर तो उत्तरच देत नाही, त्यामुळे दार ठोठावणाऱ्याला आत कोणी आहे की नाही हेही कळत नाही. तुमच्या सुरक्षा नोंदींतल्या त्या ओळींवर याहून चांगले औषध मला ठाऊक नाही.

एनएफटेबल्सची फाइल एका झटक्यात लागू होते, म्हणजे पूर्ण लागते किंवा चूक असेल तर अजिबात लागत नाही; अर्धवट नियम लागून पेटी उघडी राहण्याचा प्रसंग येत नाही. पण व्याकरणाने बरोबर असलेला नियमही तुम्हालाच बाहेर ठेवू शकतो. म्हणून दूरवरून नियम बदलताना आधी पाच मिनिटांनी जुनी फाइल परत लागू करणारा टायमर लावून ठेवा, मग नवी फाइल लावा, आणि नव्या खिडकीतून पुन्हा आत शिरता आले तरच तो टायमर रद्द करा. मी हे आजही न चुकता करतो.

वाय-फायविषयीही सांगायला हवे. पुरवठादाराच्या राउटरचे वाय-फाय गेटवेच्या बाहेर पडते, त्यामुळे ते बंद करा. एखादा जुना वाय-फाय राउटर असेल तर तो आतमध्ये ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरता येईल. त्याचे डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ते वाटणे, बंद करा, त्याला आतला मोकळा पत्ता द्या आणि स्विचची केबल त्याच्या वॅन (बाहेरच्या) पोर्टात न लावता लॅन (आतल्या) पोर्टात लावा.

घाटमाथा

काल रविवारी काम केले आणि आज सोमवारचा दिवस पार पडला, म्हणून सविस्तर लिहितो.

सकाळी नऊला राउटर ब्रिज मोडमध्ये गेला, गेटवेवर पीपीपीओई जोडणी दहाव्या मिनिटाला उभी राहिली आणि पहिल्या संगणकावर पाने उघडू लागली. आतल्या संगणकांना काहीही सांगावे लागले नाही. हजेरी यंत्र मात्र जुन्या राउटरचाच मॅक पत्ता धरून बसले होते. ते एकदा बंद करून चालू केल्यावर सावरले.

खरा घोळ अकरा वाजता सुरू झाला. सहा संगणकांवर इंटरनेट होते आणि चार संगणकांवर नव्हते. केबल तपासल्या, स्विच तपासला, नियम दोनदा वाचले. शेवटी न चालणाऱ्या एका संगणकावर पत्त्यांची माहिती दाखवणारी आयपीकॉन्फिग ही आज्ञा पूर्ण तपशिलासह चालवली, तेव्हा डीएचसीपी सर्व्हरच्या ओळीत १९२.१६८.१.१ ऐवजी १९२.१६८.१.२५४ हा पत्ता दिसला. असा पत्ता माझ्या यादीत कुठेच नव्हता. केबल एकेक करून उपटत गेलो, तेव्हा स्टोअर रूममधल्या कपाटामागे धुळीने भरलेला एक जुना वाय-फाय राउटर सापडला, जो कोणीतरी कधीकाळी फोनला रेंज यावी म्हणून लावला होता आणि ज्याचे डीएचसीपी चालूच होते. तो इतके दिवस गेटवे म्हणून स्वतःचाच पत्ता वाटत असणार आणि ज्यांना तो मिळे, ते संगणक हळू चालतात अशी जुनी तक्रार होती, तिचे मूळ बहुधा हेच असावे. आता त्याच राउटरला वरील सूचनेप्रमाणे ॲक्सेस पॉइंट केले आहे.

आजची अडचण वेगळी आहे आणि ती मला सुटलेली नाही. बहुतेक संकेतस्थळे झटकन उघडतात, पण दोन-तीन ठिकाणी लॉगिनचे पान अर्धे येते आणि चक्र फिरत राहते. जुन्या राउटरवर हीच संकेतस्थळे चालत होती आणि गेटवेवरून थेट उघडून पाहिली तर आताही चालतात.

तांब्याची तार

शेवटच्या वाक्यात तुम्ही निदान जवळजवळ लिहिलेच आहे. गेटवेवरून चालते आणि गेटवेमागून चालत नाही, म्हणजे हा पाकिटाच्या मापाचा प्रश्न आहे. इथरनेटवर एका पाकिटात १५०० बाइट मावतात, पण पीपीपीओई स्वतःसाठी ८ बाइट घेते आणि १४९२ उरतात. गेटवेला स्वतःचे माप माहीत असते, पण आतले संगणक १५०० समजूनच समोरच्याशी बोलणी करतात. मोठे पाकीट वाटेत अडले की 'लहान पाठवा' असा निरोप परत जायला हवा, पण काही ठिकाणी तो निरोपच फायरवॉलमध्ये अडवलेला असतो. मग समोरचा सर्व्हर तेच मोठे पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि तुमचे चक्र फिरत राहते.

एखाद्या विंडोज संगणकावरून 'तुकडे करू नका' असा झेंडा लावून पिंग करा, म्हणजे तपासणीचे पाकीट पाठवा. १४६४ बाइटांचे पिंग जाईल आणि १४६५ चे अडेल, कारण त्यावर २८ बाइटांचे शीर्षक चढते. तसे झाले, तर पुढे जाणाऱ्या पाकिटांच्या साखळीत टीसीपीचे कमाल माप मार्गाच्या मापाला बांधून टाकणारा एक नियम लिहा. तो ते १४५२ वर आणील. पुरवठादाराचा राउटर हे काम न सांगता करत होता, म्हणून आजवर कळले नाही.

घाटमाथा

१४६४ गेले, १४६५ अडले. नियमाची एक ओळ लिहिली, फाइल लावली आणि अडकलेले लॉगिनचे पान माझ्या डोळ्यांसमोर पूर्ण झाले. दिवसभर डोके धरून बसलो होतो, त्यामुळे हा आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे. मनापासून धन्यवाद.

आवक-जावक

मी अनुपालनाच्या बाजूने लिहितो, कारण तांत्रिक मंडळी हे नेहमी शेवटी करतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेले निर्देश कंपन्यांनाही लागू आहेत, आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांना दिलेली मुदतवाढ २५ सप्टेंबर २०२२ लाच संपली. त्यांत आपल्याशी थेट संबंध असलेल्या तीन गोष्टी आहेत. प्रणालींच्या नोंदी मागील १८० दिवसांच्या सुरक्षित ठेवायच्या आहेत. घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी, जुळलेली असली पाहिजेत. आणि निर्देशांत सांगितलेल्या प्रकारचा सायबर प्रसंग लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचा आहे.

गेटवे बसवल्यामुळे हे पाळणे पूर्वीपेक्षा सोपे होते, पण ते आपोआप होत नाही. डेबियनमधली जर्नल ही नोंदवही ठरावीक जागेपुरतीच नोंदी ठेवते. काही सांगितले नाही, तर फाइल प्रणालीच्या दहाव्या भागापर्यंत आणि फार तर ४ जीबीपर्यंत, आणि जागा भरली की जुन्या नोंदी स्वतःहून जातात. फायरवॉलने नाकारलेल्या प्रत्येक पाकिटाची नोंद घेतलीत, तर हे १८० दिवसांच्या कितीतरी आधी होईल. म्हणून नाकारलेल्या पाकिटांच्या नोंदीला मिनिटामागे मर्यादा घाला, कोणत्या संगणकाला कोणता पत्ता कधी दिला आणि वायरगार्डवरून कोण केव्हा आले याच्या नोंदी मात्र पूर्ण ठेवा. त्या रोज रात्री दुसऱ्या डिस्कवरही उतरवा. पुढे कोणी विचारले, तर अमुक तारखेला अमुक वाजता हा पत्ता कोणाकडे होता, याचे उत्तर त्या नोंदींशिवाय देता येणार नाही.

सावली

आमच्या चिपळूणच्या ऑफिसात मी हेच सर्व केले, पण बाहेरून वायरगार्ड जोडले जात नाही. गेटवेच्या बाहेरच्या कार्डावर १००.७२ ने सुरू होणारा पत्ता दिसतो.

कातळ

१००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये पुरवठादारांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले आहेत. म्हणजे तुमचा एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटलेला आहे आणि बाहेरून आलेले पाकीट तुमच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गच नाही; तुमच्या नियमांत काही चूक नाही. पुरवठादाराकडून पैसे भरून स्थिर पत्ता घ्या. तो मिळत नसेल, तर सार्वजनिक पत्ता असलेला छोटा भाड्याचा सर्व्हर मध्ये ठेवा, ऑफिसच्या गेटवेने स्वतःहून त्याच्याशी वायरगार्ड जोडावे आणि दर २५ सेकंदांनी एक रिकामे पाकीट पाठवून वाट उघडी ठेवावी. बाहेरचे लोकही त्याच सर्व्हरवर येतील.

घाटमाथा

पाच आठवड्यांनंतर लिहितो आहे. लेखापाल पहिल्या दिवसापासून एका पत्त्यापुरत्या मार्गावर काम करत आहेत आणि त्यांच्या घरची मालिका खरोखरच १९२.१६८.१ निघाली. तिसरे कार्ड लागले, दोन्ही सीएनसी संगणक वेगळ्या स्विचवर गेले, आणि ऑफिसमधल्या माझ्या संगणकावरून त्यांना पिंग केल्यावर उत्तर येत नाही, हे शॉपच्या पर्यवेक्षकांना बोलावून दाखवले. कार्ड लावल्यावर आधीच्या एका कार्डाचे मूळ नाव बदलले होते, पण दुसरी पाळी यांच्या सल्ल्याप्रमाणे नावे मॅक पत्त्यावर बांधलेली असल्याने काही बिघडले नाही.

मालिका बदलण्याचे काम आता सुरू केले आहे. गेटवेच्या आतल्या कार्डावर १९२.१६८.५७.१ हा दुसरा पत्ता दिला, दोन्ही प्रिंटर आणि टॅलीचा संगणक हलले. संगणक पुढच्या रविवारी जातील. त्यासाठी पत्त्यांची मुदत २४ तासांवरून १० मिनिटांवर आणून ठेवली आहे. हजेरी यंत्राचा पासवर्ड तांब्याची तार यांनी म्हटल्याप्रमाणे खरोखरच कोणाकडे नाही, आणि बसवणारा माणूस सापडेपर्यंत १९२.१६८.१.१ हा पत्ता केवळ त्या एका यंत्रासाठी गेटवेवर राहील.